राऊटर तांदळात गेला तो रविवार

इंटरनेटवरच्या सूचनांच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की अपग्रेडला पाच मिनिटं लागतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे छापलेल्या गोष्टीवर माझा पटकन विश्वास बसतो. आणि ती पाच मिनिटं मी निवडली रविवारी सकाळी साडेनऊची, जेव्हा जंगलाला लागून असलेल्या आमच्या मोहर्लीत सगळे घरी असतात आणि ज्याच्या-त्याच्याजवळ देण्यासारखा सल्ला असतो.

राऊटर अपग्रेड करायचाच कशाला, असं कोणी विचारेल. रुखसारने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलंच. "चालून राह्यला ना तो? मग त्याले काऊन बोट लावता?" हा प्रश्न जगातल्या सगळ्या बायकांनी सगळ्या नवऱ्यांना कधी ना कधी विचारलेला आहे आणि त्याचं धड उत्तर आजवर एकालाही देता आलेलं नाही. मी म्हणालो, "सुरक्षेचा प्रश्न आहे." ती परत शिलाई मशीनवर जाऊन बसली. सुरक्षा म्हटलं की आमच्या गावात माणसं वाघाचा विचार करतात, आणि वाघ राऊटरमधून येत नाही एवढं तिला माहीत आहे.

आता हा राऊटर साधासुधा नव्हता. केबलवाल्या पत्रूने दिलेला डबा दिवसातून चार वेळा मान टाकायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी स्वतःचा राऊटर आणला आणि त्याच्यातलं फर्मवेअर बदललं. फर्मवेअर म्हणजे राऊटरच्या डोक्यातली अक्कल. कंपनीने भरलेली अक्कल काढून टाकायची आणि जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेली, फुकट वाटलेली अक्कल त्यात घालायची. ते काम पहिल्या फटक्यात जमलं, आणि तेच वाईट झालं. तेव्हापासून गल्लीत कोणाचा पंखा बंद पडला तरी मला बोलावतात आणि मीही जातो.

अम्मीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्या रविवारी खरं नुकसान तिचं व्हायचं होतं. अम्मीचं नाव रहमतबी, वय चौऱ्याहत्तर. तिची धाकटी बहीण जुलेखाबी, म्हणजे माझी खाला, कोरपन्याला राहते. दोघींचं अकरा वर्षांपासून बोलणं नाही. कारण दालचा, म्हणजे मटण घातलेली डाळ. खालाच्या मुलाच्या, मुबीनच्या, वलीम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणाला, चारशे माणसांचा दालचा इतका खारट झाला की पाहुणे जेवण सोडून पाण्याच्या ड्रमपाशी रांग लावून उभे राहिले. अम्मी म्हणते, दुसऱ्यांदा मीठ जुलेखाने टाकलं. खाला म्हणते, रहमतने टाकलं. माझ्या अंदाजाने दोघींनी टाकलं आणि त्याआधी आचाऱ्यानेही टाकलं होतं, पण हा अंदाज मी आजवर कुठेही बोललेलो नाही. त्या दिवसापासून फोन नाही, ईदला येणं-जाणं नाही, काही नाही.

मग तीन वर्षांपूर्वी आमच्या नाहीदने, जी आता नागपूरला नर्सिंग शिकते, दादीला एक टॅब आणून दिला आणि त्यात लुडो घालून दिला. आठवड्याभरात त्याच्यावर खेळायचं बोलावणं आलं. नाव होतं जुलेखा. अम्मीने चष्मा पुसला, नाव दोनदा वाचलं आणि बोट टेकवलं. तेव्हापासून रोज जोहरची नमाज झाली की बरोबर दोन वाजता दोघी लुडो खेळतात. एक शब्द बोलत नाहीत. खेळात हसरे चेहरे वगैरे पाठवायची सोय आहे, ती दोघींनी आपापल्या नातवंडांकडून बंद करून घेतली. पण तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही. अम्मीला टायफॉइड झाला तेव्हा ती हाताला सलाईन लावून खेळली. खालाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ती एका डोळ्याने खेळली, हरली, आणि ती हार धरली गेली.

नियम कोणी ठरवले नव्हते, तरी दोघींना पाठ होते. जी दोन वाजता आली नाही ती एकतर हरली, नाहीतर मेली. तिसरं कारण दोघींनाही मान्य नव्हतं.

म्हणून मी राऊटरमध्ये एक खास व्यवस्था केली होती. दोन ते तीन या वेळात बाकी सगळ्यांचं नेट मंद व्हायचं आणि अम्मीच्या टॅबला मोकळा रस्ता मिळायचा. कंपनीच्या अकलेत ही सोय नव्हती. आमच्या घरापुरतं बोलायचं तर माझ्या शिक्षणाचा हा एकमेव उपयोग आहे, आणि मी त्याचा अभिमान लपवत नाही.

साडेनऊला मी नवी फाईल उतरवली. राऊटरच्या पानावर एक चौकोन होता, जुन्या सेटिंग ठेवायच्या का म्हणून विचारणारा. सूचनांत लिहिलं होतं, मोठा बदल असेल तर ठेवू नका. मी खूण काढून टाकली. माझ्या सगळ्या सेटिंग चौकटीच्या वहीत निळ्या शाईने लिहिलेल्या होत्या, समास सोडून, त्यामुळे मला कशाची भीती नव्हती. बटण दाबलं. दिवे विझले, लुकलुकले, परत लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. लॅपटॉपवर वायफायची यादी उघडली तर यादी रिकामी.

या छंदातले लोक अशा राऊटरला वीट म्हणतात, कारण नंतर तो तेवढ्याच कामाचा उरतो. लॅपटॉपला नेटची तार लावून राऊटरच्या आत शिरून पाहता आलं असतं, पण माझा लॅपटॉप इतका पातळ आहे की त्याला तारेचं भोकच नाही. विकत घेताना दुकानदाराने हाच त्याचा मोठा गुण म्हणून सांगितला होता.

"झालं का?" आतून रुखसारने विचारलं.

"प्रक्रिया सुरू आहे," मी म्हणालो.

पावणेअकराला भैयाजी आले. भैयाजी आमचे शेजारी, वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालेले. घरातल्या दोन खोल्या ते सफारीच्या पाहुण्यांना देतात, आणि त्या पाहुण्यांना वायफाय माझं असतं. "मास्तर," ते म्हणाले, "माह्या पाहुण्यायचं नेट गेलं. पुण्याचे हायेत. सकाळच्या सफारीत वाघ नाई दिसला त्याईले, आता नेट बी नाई. मी म्हटलं, वाघाचं माह्या हाती नाई, नेटचं पाहून येतो."

मी त्यांना परिस्थिती सांगितली. चाळीस वर्षं जंगलात पावलांचे ठसे पाहिलेला माणूस तो, लगेच उकिडवा बसला आणि राऊटरचे दिवे निरखू लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हा मेला नाई, मास्तर. हिरवा दिवा चालून राह्यला. श्वास हाये याले."

"भैयाजी, हे जनावर नाही."

"मी कुठी म्हणतो जनावर हाये? मी फक्त जितं हाये म्हणतो."

मी हसलो. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्या दिवशी अख्ख्या गावात खरं बोललेला तो एकच माणूस होता.

पुढचा उपाय म्हणजे राऊटरच्या पाठीवरचं बारीक बटण टाचणीने तीस सेकंद दाबून धरायचं. टाचणी रुखसारने दिली. सेकंद मोजायचं काम भैयाजींनी अंगावर घेतलं, पण त्यांचा सेकंद फार आरामात चालतो, त्यामुळे अठरापर्यंत येईस्तोवर माझं बोट बधिर झालं. परत केलं. रुखसारने मोजलं, तर तिच्या मनात शिवायचा ब्लाउज, तिचे तीस सेकंद दहातच संपले. तिसऱ्यांदा मी स्वतः मोजलं. दर वेळी राऊटर विझायचा, लुकलुकायचा, शहाण्यासारखा परत लागायचा आणि यादी रिकामीच राहायची.

तेवढ्यात कुंपणावरून गुणाबाईंचा आवाज आला. गुणाबाई म्हणजे भैयाजींची बायको. गावात कोणाला काय झालंय हे त्यांना त्या माणसाच्या आधी कळतं. "ओल धरली असन त्यानं," त्या म्हणाल्या. "केवढी धुई पडून राह्यली सकाळची. माह्या भाच्याचा मोबाइल तळ्यात पडला होता. तांदळात ठेवला, दुसऱ्या दिवशी घंटी वाजली."

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. कोरडा तांदूळ हवेतली ओल ओढतो हे तत्त्व मला नाकारता येईना. राऊटर ओला झालेलाच नाही, हा मुद्दा मात्र त्या क्षणी माझ्या लक्षात आला नाही. माणूस घाबरलेला असला की तत्त्व आठवतं आणि मुद्दा विसरतो.

खरा वाद पुढे झाला, तांदूळ कोणता यावर. नुकतीच धानाची कापणी झाली होती, गुणाबाईंच्या घरी नवा तांदूळ भरला होता. त्या म्हणाल्या नवाच बरा, ताकद असते. भैयाजी म्हणाले, "नव्याच्या अंगात त्याचीच ओल राह्यते. तो याची कायले ओढन? जुना पाह्यजे." रुखसारचं मत पडलं की बिर्याणीचा लांब दाणा घ्यावा, म्हणजे निदान भोकात जाणार नाही. एवढ्यात पुण्याचे पाहुणे टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि आमच्याकडे आंबेमोहोर वापरतात असं सांगून गेले. शेवटी मोहर्लीत जे होतं तेच झालं. गुणाबाईंनी कोणाचं न ऐकता राऊटर माझ्या हातातून घेतला आणि आपल्या कोठीत, नव्या तांदळात, हातभर खोल पुरून टाकला.

सव्वा तास तो तिथे होता. बाहेर काढला तेव्हा हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायला लागला. हवा जायच्या प्रत्येक फटीत तांदूळ. उलटा करून, आपटून, फुंकून मूठभर काढले, तरी आवाज पूर्ण गेला नाही. लावून पाहिला. दिवे लागले. यादी रिकामी.

घड्याळात एक वाजत आला होता. आतून अम्मी नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, उठल्याचा आवाज आला. तिला अजून काही माहीत नव्हतं.

मी भैयाजींच्या गच्चीवर गेलो. सांगायचं राहिलं, आमच्या गल्लीत मोबाइलचा टॉवर मिळत नाही. बोलायचं असो की नेट, तो फक्त एका ठिकाणी मिळतो, भैयाजींच्या गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीवर चढून बसलं तर. त्या टाकीवर तेव्हा एक वांदर आधीच बसलं होतं. ते जागा सोडेना, मी चिकाटी सोडेना. शेवटी त्याने अर्धी जागा दिली आणि मी पत्रूला फोन लावला.

"सर," पत्रू म्हणाला, "तुमी आमचा डब्बा काढून तुमचा लावला. आता तुमची तक्रार आमच्या कंपुटरात बसतच नाई. पहिले आमचा डब्बा लावा, त्याले बंद पडू द्या, मंग मी येतो."

"तुमचा डबा कुठे आहे आता?"

"ते तुमालेच म्हाईत."

माहीत होतं. तो दोन वर्षांपासून आमच्या फ्रिजच्या पायाखाली होता आणि आता फ्रिजच्या वजनाने चपटा झाला होता.

मग मला शाळेचा जुना संगणक आठवला. जाडजूड, तारेचं भोक असलेला. मुख्याध्यापक गुणवंतराव सर चंद्रपुरात एका लग्नात होते. त्यांना मी संगणक खोलीची किल्ली मागितली. मागे बँड वाजत होता. "अर्ज करा, मन्सूर सर," ते म्हणाले. "सुट्टीचा दिवस हाये. अर्जावर संगणक प्रभारीची शिफारस पाह्यजे."

"सर, प्रभारी मीच आहे."

"मंग त अडचण हाये. सोताच्या अर्जावर सोता शिफारस चालत नाई. तुमी असं करा, पहिले प्रभारीपद सोडाचा अर्ज करा." एवढं बोलून ते वरातीत गेले.

तिसरा फोन मी चोरून केला. मुबीनला. खरं तर मी खालाच्या घरी कधीच फोन करत नाही, कारण अम्मीने बजावून ठेवलं होतं, आधी आपल्या घरून फोन गेला तर दूध बक्षणार नाई, म्हणजे आईच्या दुधाचं ऋण माफ करणार नाही. पण मुबीनला सांगितलं असतं की नेट बंद आहे, तर त्याने खालाला कळवलं असतं आणि अम्मीची अब्रू वाचली असती. दोनदा रिंग गेली, मुबीनने उचलला नाही. कोरपन्याजवळच्या सिमेंट कारखान्यात तो यंत्रांचे मीटर पाहतो, त्याची त्या दिवशी सकाळची पाळी होती.

खाली आलो तेव्हा दोन वाजायला पाच मिनिटं होती. अम्मी तख्तावर बसली होती, चष्मा पुसलेला, टॅब मांडीवर. वर्तुळ गरगर फिरत होतं. मी समोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पाच मिनिटांपासून तांदळापर्यंत सगळं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती घड्याळाकडे पाहून म्हणाली, "ते तिथी बसली असन आता. पंधरा मिंटं वाट पाहन. मंग म्हणन, गेली रहमत."

याच्यावर भैयाजींना एकदम तोड सुचली. माझा मोबाइल टाकीवर नेऊन त्याचं नेट खाली सोडायचं, आणि अम्मीला टॅब घेऊन खाली अंगणात बसवायचं. खुर्चीसकट अम्मीला आम्ही दोघांनी उचललं. ती म्हणत होती, हळू, पण तिचे डोळे चमकत होते. गुणाबाई छत्री धरून तिच्याजवळ उभ्या राहिल्या, ऊन नसताना. मी टाकीवर चढलो. वांदर समोरच्या आंब्यावर सरकलं. भैयाजी शिडीच्या मध्यावर उभे राहून निरोप पोचवू लागले.

"उजवीकडं, मास्तर. अजून. आता हालू नका."

"मी श्वास घेऊ का?"

"कमी घ्या."

आणि खरंच, दोन वाजून बारा मिनिटांनी खालून गुणाबाई म्हणाल्या, "उघडला." पट दिसला. त्यावर जुलेखा हे नाव होतं आणि नावाशेजारचा ठिपका हिरवा होता. खाला बसून होती. अम्मीने बोट फाश्याकडे नेलं. त्याच क्षणी आंब्यावरच्या वांदराला आपली जागा आठवली आणि त्याने सरळ टाकीवर उडी मारली. मी बाजूला झालो, मोबाइल बाजूला झाला नाही. टाकीचं झाकण भैयाजी गेल्या उन्हाळ्यापासून बसवणार होते. आत बुडुक असा आवाज आला, फारच शांत.

 रुखसारचा हात धरून अम्मी घरी गेली आणि पदर तोंडावर घेऊन तख्तावर पडून राहिली. भैयाजींनी टाकीत उतरून मोबाइल काढला. गुणाबाईंनी कोठीचं झाकण परत उघडलं. दिवसभरात पहिल्यांदाच तांदळात योग्य वस्तू गेली, पण मला त्याचं समाधान वाटलं नाही. मला फार वाईट वाटत होतं. मिठाने दोन बहिणींचं सगळं तोडलं होतं, एक तास तेवढा उरला होता, तोही मी माझ्या हौसेपायी तोडला. मी वही उघडून बसलो आणि समास सोडून लिहिलेल्या त्या निळ्या ओळी वाचत राहिलो.

पाच वाजता गल्लीच्या तोंडाशी एक मोठी गाडी थांबली आणि रडण्याचा आवाज आला.

आवाज असा होता की घराघरातून माणसं बाहेर आली. गाडीतून सात जण उतरले. दोन बायांच्या हातात गुलाबपाण्याच्या बाटल्या आणि अगरबत्त्यांचे पुडे होते. सर्वांत पुढे, मुबीनचा हात धरून, खाला. अकरा वर्षांत केस पांढरे झाले होते, पण आवाज वलीम्यात होता तसाच होता. "मले न भेटताच गेली वो माही बहीण," ती रडत होती. "मी बसून राह्यली, ते आलीच नाई. तवाच मले कळलं."

मागून कळलं ते असं. दोन वाजता अम्मी आली नाही. मग क्षणभर आली आणि गेली, हे तर खालाला अधिकच अशुभ वाटलं. पाळी संपून घरी आलेल्या मुबीनने फोन पाहिला, त्यावर माझे दोन मिस्ड कॉल. अकरा वर्षांत न आलेले. त्याने उलटा फोन लावला तर माझा मोबाइल बंद, म्हणजे तांदळात. मग काय राहिलं होतं विचार करायला.

गल्लीतली माणसं आमच्या फाटकाशी गोळा झाली. भैयाजींनी डोक्यावरची टोपी काढली. पुण्याचे पाहुणेही गंभीर चेहरा करून मागे उभे राहिले. मी दारात होतो, पण माझ्या तोंडून शब्दच फुटेना, आणि माझं असं गप्प उभं राहणं पाहून खाला आणखी जोरात रडली. तेवढ्यात माझ्या पाठीमागून अम्मी बाहेर आली. रडण्याच्या आवाजाने ती उठली होती. डोक्यावरचा पदर सारखा करत तिने गर्दीकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "कोन गेलं वो?"

खालाने वर पाहिलं. रडणं मध्येच थांबलं.

"तू," ती म्हणाली.

"मी कुठी गेली? मी इथीच हाये."

"मंग दोन वाजता काऊन नाई आली?"

"आली होती. फासा टाकतच होती मी. या मन्सूरनं मोबाइल पाण्यात टाकला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सात कोरपन्याचे, वीस-पंचवीस मोहर्लीचे आणि चार पुण्याचे. अगरबत्तीवाल्या बाईने पुडा पदराआड लपवला. माझी पंचवीस वर्षांची नोकरी आहे, पण इतके डोळे माझ्यावर एकदम निरोप समारंभालाही लागणार नाहीत.

खाला उंबऱ्यावरच बसली आणि मग खरी रडायला लागली, आवाज न करता.  अम्मी रुखसारला म्हणाली, "हिले पाणी दे." रुखसार वळली तोवर अम्मी स्वतःच आत जाऊन पेला घेऊन आली, गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसली आणि पेला बहिणीच्या तोंडाला लावला. दोघी एकमेकींना धरून बराच वेळ रडल्या. मीही रडलो, ते मी नाकारत नाही. मग डोळे पुसता पुसता अम्मी म्हणाली, "पण मीठ तूच टाकलं होतं." खाला म्हणाली, "तूच." हे ऐकून गल्लीचा जीव भांड्यात पडला आणि माणसं पांगली.

मुबीनने मला बाजूला घेऊन विचारलं, काय बिघडलं? मी त्याला सविस्तर सांगू लागलो, की आता याची वीट झाली आहे, आता काही विशेष अवजार लागेल. तो ऐकत ऐकत गाडीतून कारखान्याचा जुना, जाड लॅपटॉप घेऊन आला, तारेचं भोक असलेला. तारेच्या भोकातला शेवटचा तांदूळ टाचणीने काढला. तार लावली. दोन मिनिटं काहीतरी टाइप केलं आणि अवघडून म्हणाला, "भाईजान, हा त चालूच हाये."

"चालू म्हणजे?"

"सकाळपासून चालू हाये. नवीन टाकलं का याच्यात वायफाय बंदच राह्यते. आपण आत जाऊन चालू कराव लागते. लिहेल राह्यते ना तिथी."

"कुठे लिहिलंय?"

त्याने ते पान उघडून दाखवलं. मी जिथे वाचायचं थांबलो होतो, त्याच्या खाली तीन ओळींवर. म्हणजे तीन वेळा टाचणी खुपसून मी दर वेळी त्या बिचाऱ्याला तेच समजावून सांगत होतो, की बाबा, वायफाय बंद ठेव. आणि तो इमानाने ठेवत होता. भैयाजी मागे येऊन उभे होते.  त्यांनी फक्त उकिडवं बसून हिरव्या दिव्याकडे पाहिलं आणि मान हलवली. 

माझ्या वहीतून मुबीनने सगळ्या सेटिंग परत भरल्या. वहीबद्दल तो चांगलं बोलला, अक्षर छान आहे म्हणाला. सहाच्या आत नेट आलं. आत पाहिलं तर तख्तावर दोघी बहिणी बसल्या होत्या, एकीच्या हातात टॅब, दुसरीच्या हातात फोन, पाठीला पाठ लावून. एकमेकींचा चेहरा दिसला तर खेळात चालूपणा होतो, असं दोघींचं म्हणणं पडलं. दिवसाचा डाव दिवस मावळायच्या आत झाला. खाला जिंकली.

ती दोन दिवस राहिली. दोघी दिवसभर भांडल्या, हसल्या, मेलेल्या नातेवाइकांची यादी करत बसल्या. तिसऱ्या दिवशी मुबीन न्यायला आला तेव्हा गाडीत बसताना खाला म्हणाली, "आता मी कायले येऊ? तू त चांगली धडधाकट हायेस." अम्मी म्हणाली, "मंग मी का तुले बलावणं धाडू?" गाडी गेली.

लुडो सुरू राहिला, रोज दोन वाजता. राऊटरला मी हातही लावायचा नाही अशी रुखसारसमोर शपथ घेतली होती. पण अम्मीचं मन खेळात लागत नव्हतं. पूर्वी ती डाव संपला की कोण जिंकलं ते सांगायची, आता टॅब उपडा ठेवून दाराकडे पाहत बसायची. न बोलावता खाला यायची नाही आणि अम्मी बोलवायची नाही, हे मला कळत होतं. दालच्याचा सगळा हिशेब परत पहिल्यापासून सुरू झाला असता.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर अम्मीने हाक मारली. "मन्सूर, त्या डब्ब्यात अजून काई नवीन टाकाचं नाई का तुले?"

"नाही अम्मी. आता काही महिने तरी नाही. झालं ते पुरे झालं."

"असं," ती म्हणाली. चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "टाकाचं असन त टाक. माह्याकून काई नाई."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी उठलो आणि पावणेदोन वाजता राऊटरचं बटण बंद करून टाकलं. हिरवा दिवा विझला. रुखसारने मशीन थांबवून विझलेल्या दिव्याकडे पाहिलं आणि ती परत शिवायला लागली.

दोन वाजले, सव्वादोन वाजले. अम्मीने टॅब उघडूनसुद्धा पाहिला नाही. ती उठली, पेटीतून धुतलेली साडी काढली, आणि आत जाताना रुखसारला म्हणाली, "संध्याकाळी चार माणसाचा सैपाक जास्त टाकजो."